पाळण्यावरचा चिमटा, उशीखालचा अडकित्ता

प्रश्न : आयर्लंडच्या लोककथांमध्ये वाचलं की पऱ्या पाळण्यातलं बाळ पळवतात आणि त्याजागी आपलं किरकिरं पोर ठेवून जातात, म्हणून तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे. माझ्या आजीने धाकट्या भावाच्या उशीखाली अडकित्ता ठेवलेला आठवतो. दोन्ही एकच का? आणि ही बदललेली मुलं म्हणजे नक्की कोण?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, लोखंडाला बाहेरचं काही घाबरतं हा समज दोन्हीकडे आहे, पण भीती वेगळी आहे बघा. आपल्याकडे सटवीच्या पूजेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत विळा-कोयता ठेवतात तो बाळाला काही होऊ नये म्हणून. तिकडची भीती अशी की व्हायचं ते होऊन गेलंय, आणि पाळण्यात आहे ते आपलं नाहीच.

त्यांना चेंजलिंग म्हणतात. वर्णनं वाचली की माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण सगळीकडे तेच... कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, चालत नाही, बोलत नाही, तोंड म्हाताऱ्यासारखं दिसतं, रात्रभर रडतं. आज आपण ऑटिझम म्हणू, विल्यम्स सिंड्रोम (एक जन्मजात जनुकीय विकार) म्हणू, कुपोषण म्हणू. तेव्हा नाव नव्हतं, आणि कालपर्यंत हसणारं लेकरू एकदम गप्प झालं तर आईबापांना 'हे आपलं नाही' असं वाटणं मला समजतं.

गोष्टींमध्ये उपाय गमतीचा असतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहात शेजारीण आईला सांगते, अंड्याच्या टरफलात पाणी उकळ, ते पोर हसलं की संपलं. आई तसं करते तर पाळण्यातनं आवाज येतो की मी वेस्टरवाल्डच्या जंगलाइतका म्हातारा झालो पण टरफलात कुणी शिजवताना पाहिलं नव्हतं, आणि पोर हसत सुटतं, लगेच बुटके येऊन खरं बाळ ठेवून जातात. हा भाग सगळे आवडीने सांगतात. पण मुलाचे हाल केले की त्याचे खरे आईबाप त्याला न्यायला धावत येतील आणि आपलं परत देतील हाही समज होता, म्हणून मुलाला तापलेल्या फावड्यावर धरायचे, रात्रभर उकिरड्यावर ठेवायचे, फॉक्सग्लोव्हचा रस पाजायचे, आणि ती वनस्पती हृदयाला विषारी आहे. 1826 मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात अॅन रोच नावाच्या म्हातारीने चालता-बोलता न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला 'बरं करायला' फ्लेस्क नदीत बुडवलं आणि ट्रालीच्या कोर्टात ती निर्दोष सुटली. मारायचं नव्हतं, त्याच्यातली परी बाहेर काढायची होती, असं तिचं म्हणणं. 1895 मध्ये तिथल्याच टिपरेरीत मायकेल क्लीअरीने तर लहान मूल नव्हे, आपली बायको ब्रिजेट हीच बदललेली आहे म्हणून तिला जाळलं. तो पंधरा वर्षं तुरुंगात होता.

साहित्यात म्हणाल तर शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये पऱ्यांचे राजा-राणी ज्या पोरावरून भांडतात ते हिंदुस्थानच्या राजाकडून पळवलेलं आहे असं नाटकात एक पात्र सांगतं, म्हणजे तिथे गोष्ट पळवलं गेलेल्या मुलाची आहे, पण ते पोर एक शब्द बोलत नाही. आयरिश कवी यीट्सच्या 1886 च्या कवितेत पऱ्या मुलाला बोलवत राहतात, जग रडण्यानेच भरलंय म्हणून.

पण एकच वाचायचं असेल तर स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफची 1915 ची 'बोर्टबीटिंगेन' ही कथा वाचा. ट्रोलचं, म्हणजे तिकडच्या जंगलातल्या राक्षसाचं, कुरूप पोर घरात आलेलं, सगळे म्हणतात मार त्याला म्हणजे तुझा मुलगा परत मिळेल, नवरासुद्धा तेच म्हणतो, आणि ती बाई दर वेळी मधे पडते, त्याला बेडूक-उंदीर शोधून खायला घालते कारण त्याला दुसरं काही रुचत नाही. शेवटी तिचा मुलगा परत येतो तेव्हा बापाला सांगतो की इकडे आई त्या पोराशी जशी वागत होती, तिकडे ती ट्रोलीण माझ्याशी तशीच वागत होती.