चोरीचा संशय असलेल्या ग्राहकाचा फोटो दुकानात लावता येतो का?
सीसीटीव्हीतला फोटो काढून काउंटरवर ‘चोर’ म्हणून चिकटवणं सोपं, निस्तरणं अवघड. गोम त्या एका शब्दात आहे: गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस फक्त संशयित असतो. तो निर्दोष निघाला तर बदनामीचा दावा तुमच्यावर, आणि बऱ्याच देशांत आरोप खरा होता हे दाखवायची जबाबदारीही तुमचीच. काही न लिहिता नुसता फोटो लावला तरी बघणाऱ्याला अर्थ कळतोच, त्यामुळे ती पळवाट फारशी टिकत नाही. युरोपीय संघात तर २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १० मध्ये गुन्ह्यांसंबंधीच्या वैयक्तिक माहितीवर वेगळे निर्बंध आहेत. फुटेज पोलिसांना द्या. फक्त कर्मचाऱ्यांना दिसेल असा आत ठेवलेला फोटो त्यामानाने कमी जोखमीचा. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात, की बाहेर गेलाच समजा.