सासरच्या बेटावर जागा घेण्याआधी: माझा अनुभव

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही. होणारा नवरा इंडोनेशियातल्या अडोनारा बेटावरचा, डिसेंबरात नाशिकला रजिस्टर लग्न, त्याच्या गावात समुद्राला लागून वीस गुंठे जागा विकायला आहे आणि घरचे म्हणतायत, "पैसे देऊन टाका, कागद मागाहून होतील." मीही नेमकी इथूनच गेले आहे. माझं सासर त्याच पट्ट्यातलं, सोलोर-अडोनारा-लेंबाटापैकी एका बेटावरचं. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती माणसं ओळखू येतील. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, चालवून घे.

परदेशी माणसाला इंडोनेशियात मालकी हक्काने, म्हणजे 'हाक मिलिक'ने, जमीन घेता येत नाही हे तुला माहीत असणारच. तू विचारलंस, "जागा नवऱ्याच्या नावावर, मग माझा संबंध कुठे येतो?" संबंध येतो, आणि आमचे पैसे तिथेच अडकले. त्यांच्या 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर विकत घेतलेली मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरतात. म्हणजे त्याने घेतलेल्या जमिनीत अर्धी तू, आणि तू परदेशी. 1960 चा जमीन कायदा सांगतो की परदेशी व्यक्तीकडे अशा रीतीने हक्क आला तर एका वर्षात सोडायचा, नाहीतर तो सरकारजमा. यातून सुटायचा रस्ता एकच, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा विवाह करार: 'पेर्जान्जियान काविन'. पूर्वी तो लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करावा लागे. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून लग्नानंतरही करता येतो.

आमचं लग्न 2014 साली पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली झालं. कराराबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नाही. 2018 मध्ये नवऱ्याच्या कुळातल्या एका वृद्ध गृहस्थांनी पंधरा गुंठे देऊ केले. त्यांना आम्ही 'बापा' म्हणायचो. किंमत साडेआठ कोटी रुपिया, म्हणजे 85 दशलक्ष, आपले तेव्हाचे साधारण चार लाख रुपये. एवढ्या शून्यांत तुझाही गोंधळ होईल, प्रत्येक आकडा कागदावर लिहून घेत जा. आम्ही सगळी रक्कम एकाच दिवशी दिली. पावतीवर सहा हजार रुपियाचं मतेराई, म्हणजे महसुली तिकीट, त्यावर बापांची सही, खाली 'कपाला देसा'ची, म्हणजे सरपंचाची सही आणि शिक्का, दोन साक्षीदार. इतका पक्का कागद पाहून मला वाटलं, झालं काम.

मग खरेदीखत करायला 'पेपेआते'कडे गेलो. सरकारने जमिनीचे दस्त करायला नेमलेला हा अधिकारी असतो, बहुधा नोतारिसच, म्हणजे तिथला नोटरी. त्याने नवऱ्याचं ओळखपत्र पाहिलं, माझा पासपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "करार कुठे आहे?"

तिथून चौदा महिने गेले. परदेशात लग्न केलेल्या त्यांच्या नागरिकाने देशात परतल्यावर 30 दिवसांत त्याची नोंद करायची असते, ती आमची राहून गेली होती. दंड किरकोळ होता, तो भरला. पण करार नोंदवायला ज्या कार्यालयात जायचं, तिथे टेबलावरच्या माणसाने सांगितलं, आधी कोर्टाचा हुकूम आणा. निकालाआधी तशी पद्धत होती. निकालानंतर कोर्टात जायची गरज उरली नव्हती, आणि अशी नोंद कशी करायची याचं परिपत्रक मे 2017 मध्ये निघालं होतं. ते छापून त्याच्यासमोर ठेवलं. "आमच्याकडे आलेलं नाही," एवढंच उत्तर. साहेब रजेवर, साहेब प्रशिक्षणाला, भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराचं नाही, पुण्याच्या दाखल्यावर वकिलातीचा शिक्का पाहिजे. दर खेपेला बोट, मग बेमो म्हणजे छोटी प्रवासी गाडी, मग शहरात मुक्काम, आणि मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. त्या कार्यालयात कुणी लाच मागितली नाही, हेही सांगायला हवं. कुणाला काही माहीत करून घ्यायचं नव्हतं, इतकंच. आजही ते आठवलं की हात थरथरतात. एका माणसाने एक कागद वाचला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारण त्या चौदा महिन्यांत बापा वारले. करार नोंदवून परत आलो तेव्हा त्यांचे भाऊ शांतपणे म्हणाले, "पावती खरी आहे. पण जमीन त्यांची नव्हती, सुकूची आहे." सुकू म्हणजे कूळ. बापांना कसायचा हक्क होता, विकायचा नव्हता, आणि पावतीवर कुळातल्या दुसऱ्या कुणाची सही नव्हती. त्या माणसांचा मला तेव्हा फार राग आला. आता येत नाही. या बेटांवरचे लामाहोलोत लोक गावाला 'लेवोताना' म्हणतात. गाव, माती आणि पूर्वज त्या एका शब्दात येतात. कोकणातल्या सामाईक जमिनीतला एक चुलता परस्पर सौदा करून बसला तर बाकीचे काय म्हणतील, तेच ते म्हणत होते. फरक इतका की कोकणात सातबारा काढला की वीस नावं समोर दिसतात. तिथे बरीच जमीन अजून नोंदलेलीच नाही, नावं म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतात. जमीनकराची पावती दाखवतील, तिला 'पेबेबे' म्हणतात, पण ती मालकीचा पुरावा नव्हे. आणि झाडं वेगळी विचार. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचे माड किंवा केमिरीची (तिच्या बिया मसाल्यात घालतात) झाडं दुसऱ्याची, असं सर्रास आहे.

पैशांपैकी निम्मे तीन वर्षांत, काजूच्या हंगामाला थोडे थोडे असे परत आले. बाकीचे मी सोडून दिले.

आता माझं मत. मी वकील नाही, नियम बदलतात, आणि एका नोतारिसचं म्हणणं दुसऱ्याला पटत नाही हेही पाहिलंय. तरी लग्नाआधी करार कर. नोतारिस त्याच्या गावाजवळचा नको, कुपांग किंवा सुराबायासारख्या शहरातला, मिश्र विवाहांची कामं नेहमी करणारा बघ. हे तू नवऱ्यावर अविश्वास दाखवतेस असं नाही, त्याचा स्वतःच्या देशात जमीन घेण्याचा हक्क शाबूत ठेवतेस. सासूबाईंना असंच समजावून सांग, माझ्या सासूबाईंना लगेच पटलं. नाशिकच्या दाखल्यासाठी आता अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारने दिलेलं प्रमाणपत्र, पुरतं, कारण जून 2022 पासून इंडोनेशियाही त्या व्यवस्थेत आहे. आम्हाला ती सोय नव्हती.

दुसरं म्हणजे, विकत घ्यायचीच कशाला? वारशाने किंवा बक्षीस म्हणून आलेली मालमत्ता त्याच विवाह कायद्यात ज्याची त्याची राहते. आमचं घर आज उभं आहे ते सासऱ्यांनी मुलाला दिलेल्या तुकड्यावर, कुळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर, भावांच्या सह्या घेऊन. आधी हेच का सुचलं नाही याचं वाईट वाटतं. पण हेही ध्यानात ठेव, उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर मालकी हक्क तुझ्याकडे राहू शकत नाही, एका वर्षात दुसऱ्याला द्यावा लागेल. मुलांचं नागरिकत्व, मृत्युपत्र, हे सगळं कराराच्या भेटीतच नोतारिसला विचार.

समुद्राला लागून असलेली जागा तर मी फुकट दिली तरी घेणार नाही. भरतीच्या वरच्या रेषेपासून किमान शंभर मीटर किनारपट्टा मोकळा ठेवायचा नियम आहे, तुझ्या वीस गुंठ्यांतलं किती उरतं ते मोजून घे. शिवाय 4 एप्रिल 2021 ची रात्र मी तिथे काढली आहे. सेरोजा वादळात अडोनारा आणि लेंबाटावर डोंगरावरून चिखल आणि दगड उतरले, घरं माणसांसकट गेली. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये लेंबाटाचा इले लेवोतोलोक ज्वालामुखी फुटला होता, आणि 2024 च्या नोव्हेंबरात समोरच्या फ्लोरेसवरच्या लेवोतोबीने माणसं मारली. जागा बघताना समुद्राकडे पाठ कर, डोंगराकडून पाणी कुठून येतं ते बघ.

जागेची किंमत वाढेल का, असं तू विचारलंस. लाबुआन बाजो या पर्यटनाच्या गावातली जमिनीची तेजी बघून एजंट हेच सांगतात. ते फ्लोरेसच्या पार पश्चिम टोकाला आहे, मध्ये सहाशे किलोमीटरहून जास्त घाटरस्ता, आणि तुझं बेट त्याच्याही पलीकडे. आमच्या गावात रोख पैसा आणतात ते मलेशियात, साबाहमध्ये मजुरी करून परतलेले लोक, आणि ते कुळाकडूनच जागा घेतात. विकून फायदा होईल या हिशेबाने एक रुपियाही घालू नकोस. राहायचं असेल तरच घे.

राहणं मात्र सुंदर आहे, हे मनापासून सांगते. पाऊस डिसेंबर ते मार्चच, त्यामुळे घराआधी पाण्याची टाकी बांध, आणि ती मोठी बांध. किनाऱ्यालगतच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेचा वारा सुटला की बोटी बंद, औषधं महिनाभराची घरात हवीत. मच्छरदाणी सोडू नकोस, मलेरिया आहे. तूरडाळ मिळत नाही, मूग मिळतात, चिंच-हळद भरपूर, आणि शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात असतो. मका भाजून दोन दगडांमध्ये चेपतात, त्याला 'जागुंग तीती' म्हणतात. मी त्याचा चिवडा केला तेव्हा गल्लीतल्या सगळ्या 'मामा', म्हणजे तिथल्या बायका, डबे घेऊन आल्या. भाषा लवकर येईल: भूमी म्हणजे बुमी, नाव म्हणजे नामा, गुरू तर गुरूच.

डिसेंबरला फार वेळ नाही. नोतारिसशी याच महिन्यात बोल, मसुदा दोन्ही भाषांत माग, आणि त्याच्या वडिलांना फोन करून घरच्या तुकड्याबद्दल तूच विचार. तोवर कुणालाही विसारसुद्धा देऊ नकोस. आमच्या कराराचा नमुना नावं खोडून पाठवते, निरोप टाक.