सत्तरीतले आई-बाबा, सात वर्षांची मुलगी आणि सहा दिवसांचं अंदमान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील सत्तरीच्या घरात, आईचे गुडघे दुखतात, मुलगी सात वर्षांची, हातात सहा दिवस. एजंटने त्यात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक आणि नील असं सगळं बसवून दिलंय. हे झेपेल का, की आपलं गोव्यालाच जावं?

अंदमानलाच जा. फक्त त्या कागदावरची निम्मी नावं आधी खोडा. आम्ही एका फेब्रुवारीत सहा जण गेलो होतो: मी, नवरा, माझे आई-बाबा आणि दोन मुलं, थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. आई सत्तरची, बाबा तिच्याहून चार वर्षांनी मोठे. आमच्याही कागदावर हीच यादी होती. जे खोडलं त्याची एकदाही हळहळ वाटली नाही, आणि जे हट्टाने ठेवलं त्यातलं एक मात्र चुकलं. ते पुढे सांगते.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी जुनी नावं अजून आहेत, म्हणून मीही तीच लिहितेय. तिकीट काढताना दोन्ही माहीत असलेली बरी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथला दिवस. अंदमान मुंबईच्या पूर्वेला साधारण वीस अंशांवर आहे, त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा तास-सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो, फेब्रुवारीत साडेपाचला. इकडच्या सवयीने नऊला उठून, नाश्ता करून, अकराला बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेला, वर ऐन उन्हात सापडलात. आई-बाबा तसेही पाचला उठून बसतात. त्यांचंच वेळापत्रक सगळ्यांनी उचला. आम्ही सहाला बाहेर, अकराला खोलीवर, जेवून झोप, साडेतीनला पुन्हा किनाऱ्यावर आणि आठला सगळे गुडुप, असं केलं. सहा दिवसांत मुलांची एकदाही किरकिर झाली नाही.

सहा दिवसांची माझी वाटणी अशी: पोहोचल्यावर एक रात्र पोर्ट ब्लेअर, दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. ती शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी सोडू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असताना तुम्ही नीलच्या धक्क्यावर बसलेले असाल तर काहीच करता येत नाही. पुणे-मुंबईहून जाताना चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं असं धरूनच चाला. त्यात आई-बाबा दमतात, म्हणून पहिल्या दिवशी बोटीत बसू नका. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी जलद बोटीने दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीने त्याहून जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागते. गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची, पोटात कळ आल्यावर नव्हे. मुलांचा डोस आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल बघायचंच. मुलगी सात वर्षांची आहे, तिला काय कळणार, असं वाटेल. तिला बरंच कळेल. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं हे बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून सात पाकळ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यातल्या तीन आज उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायला नको. हे सगळं मुलांना चित्र काढून सांगता येतं. पण माझ्या मुलीला तुरुंग कळला तो कडीमुळे. प्रत्येक कोठडीची कडी लांबलचक आहे आणि तिचं टोक दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत जातं. ती आत उभी राहिली, गजांतून हात बाहेर काढला, खांदा गजांना टेकेपर्यंत ताणला, बोटं फाकवली. कडीपर्यंत हात पोहोचला नाही. मग तिने धाकट्याला करायला लावलं, मग बाबांना. बाबांचाही पोहोचला नाही. त्यानंतर ती कितीतरी वेळ गप्प होती.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिने चढावे लागतात. आईला खाली अंगणात सावलीत बसवलं, बाबा मात्र प्रत्येक मजल्यावर थांबत चढले. वर गेल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले. मुलांना त्यांनी एवढंच सांगितलं, की तात्याराव 1911 मध्ये इथे आले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते, आणि दोघा सख्ख्या भावांना एकमेकांची भेट मिळत नव्हती. माझ्या दोन्ही मुलांनी एकमेकांकडे बघितलं. खाली कोलू ठेवलाय. त्याला माणसं जुंपून रोज तीस पौंड खोबरेल काढायला लावत. तो दाखवा. मनोऱ्यात कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत, तीही वाचा. बंगाल आणि पंजाबची यादी आपल्यापेक्षा कितीतरी लांब आहे, आणि ती नावं आपल्या मुलांना कुठेच शिकवली जात नाहीत. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रमही चांगला आहे. मुलांना घेऊन पहिला खेळ गाठा.

रॉस बेट पोर्ट ब्लेअरच्या समोरच, होडीने काही मिनिटांवर आहे. इंग्रजांचा सगळा कारभार तिथून चालायचा. आता पडक्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी मिठी मारलीय आणि हरणं हाताजवळ येतात. चढ आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, त्यात आई-बाबांना बसवा. नॉर्थ बे खोडा. पाण्यातलं सगळं हॅवलॉक-नीलला जास्त चांगलं आहे.

बाराटांगही खोडा. इथे माझं मत ठाम आहे. तिथल्या चुनखडीच्या गुहा बघायला पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या चौकीवर रांगेत उभं राहायचं, मग पोलिसांच्या ताफ्यात जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जवळपास पन्नास किलोमीटर जायचं, पुढे मोठी बोट, मग छोटी होडी, मग चालणं, आणि तसंच परत. दुखऱ्या गुडघ्यांना हे झेपणार नाही हे झालंच. पण गुडघे ठणठणीत असते तरी मी गेले नसते. तो रस्ता त्या लोकांच्या घरातून जातो. त्यांच्या रक्षणासाठी 1956 पासून कायदा आहे, गाडी थांबवायला आणि फोटो काढायला बंदी आहे. तरीही 2012 मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा देशभर संताप झाला होता. गाडीतला प्रत्येक जण काचेला नाक लावून माणसं दिसतात का बघत असतो. आपल्या मुलांना त्या काचेपाशी बसवू नये, असं मला मनापासून वाटतं. एजंटला स्पष्ट नाही म्हणा. तो दिवस हॅवलॉकला द्या.

हॅवलॉकला राधानगरचा किनारा आहे. 2004 मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून सगळे ते वाक्य सांगतात. माझ्या लक्षात राहिली ती वाळू. पिठासारखी बारीक, पण ओली असताना घट्ट, पाय रुतत नाही. आई आपल्याकडच्या कुठल्याच किनाऱ्यावर दहा पावलांच्या पुढे जात नाही. इथे ती साडी पोटरीपर्यंत धरून पाण्याच्या कडेकडेने लांबपर्यंत चालत गेली आणि आम्हाला हाका मारून बोलवावं लागलं. दुपारी चारला जा, सूर्यास्त तिथेच बघा. पोहायचं मात्र जीवरक्षक असतील तेवढ्याच भागात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांनी माणसं मारलेली आहेत, तेव्हा पाटीवर लिहिलेलं वाचा आणि ऐका. तोंड बुडवून प्रवाळ बघायला एलिफंट बीच चांगला. तिथे होडीने जायचं, सकाळी पहिल्या होडीने. मुलीला पोहता येत नसलं तरी रबरी कडं घालून माणूस सोबत नेतो. माझा पाच वर्षांचा मुलगा नळी तोंडात धरायला तयार होईना, तर त्या दादांनी त्याला आधी किनाऱ्यावर बसून नळीने श्वास घ्यायला शिकवलं. मग पाण्यात गेल्यावर नळीतूनच त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

आता नील, आणि आमची चूक. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि खडकांत पाण्याची डबकी उरतात. त्या डबक्यांत अख्खं समुद्राचं घर उघडं पडतं. आमच्या एजंटने हे दुपारी बाराला ठेवलं होतं. गेलो तर भरती. कमानीपर्यंत जायची वाटच पाण्याखाली. मुलं रडकुंडीला, आई टपरीवर शहाळं पीत बसलेली. बाबा मूळचे दापोलीकडचे. तिकडे तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती धरतात. त्यांनी बोटांवर मोजलं: आज चतुर्थी, चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, नऊला सुकती, म्हणजे ओहोटी, उद्या नऊ-पावणेदहाला येऊ. रिक्षावाला बंगाली, नीलवर जन्मलेला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं बेट आहे ते. तो हसून म्हणाला, उद्या सातला तळ दिसेल, साडेसहाला तयार राहा. बाबांना पटेना. आपलं कोकणातलं गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. शेवटी एवढं ठरलं की चुकलो तर दोन तास तिथेच बसू.

सकाळी सातला समुद्र मागे गेलेला होता. बाबांनी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं आणि म्हणाले, इथे दोन-अडीच तास अलीकडे. मग पुढचा तासभर ते डबक्यांवर ओणवे. काळी जाडजूड समुद्रकाकडी, दगडाखालून फक्त दोन नांग्या बाहेर काढून बसलेला खेकडा, आणि प्रवाळात रुतलेला एक मोठा शिंपला, ज्याची निळी-जांभळी मखमली कड आपली सावली पडली की मिटते. धाकट्याने सावली पाडून ती मिटवायचा खेळच सुरू केला. तिसऱ्यांदा बाबांनी त्याला थांबवलं, अरे, त्याचा नाश्ता चाललाय.

आमच्यासारखं करू नका. तुमच्या तारखेची भरती-ओहोटी आधी बघा. कमान ओहोटीला, आणि भरतपूरच्या किनाऱ्यावरच्या काचेच्या तळाच्या होड्या पाणी भरलेलं असताना. त्या होडीत आईला नक्की बसवा. चालायचं नाही, भिजायचं नाही, आणि पायाखाली मासे. खडकांवर मात्र गुडघेदुखीवाल्यांनी जाऊच नये. बाकीच्यांनी रबरी तळाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. प्रवाळ पायाला कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही.

शंख-शिंपल्यांबद्दल मुलीला घरूनच सांगून ठेवा. माझ्या मुलीने खिशात तीन शिंपले आणि प्रवाळाचा एक पांढरा तुकडा भरला होता. तिथून काही उचलून आणायचं नाही. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि विमानतळावर सामान तपासतात. तिने ते परत ठेवताना प्रत्येकाची जागा शोधून ठेवले. त्यात पाऊण तास गेला आणि आमची रिक्षा थांबून राहिली, पण मी घाई केली नाही.

खाण्याची काळजी नको. डाळ, भात, भाजी सगळीकडे मिळते, मासे खात असाल तर चंगळच. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा नाही आणि फोनचाही नाही. आई-बाबांची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायाला खोबरेल चोपडा. नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत जा. मे लागला की पाऊस आणि खवळलेला समुद्र, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

विमानाची तिकिटं काढायच्या आधी तारखा इथे खाली लिहा. त्या आठवड्यातली तिथी आणि ओहोटी बघून नीलची सकाळ कुठल्या दिवशी बसवायची, ते मी बाबांना विचारून सांगते.