बिलावर ५७००एक्स, पीसीत नुसता ५७००... केस कशावर उभी करायची?

नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, त्याच्यावरच घर चालतं. कॉलेज रोडच्या एका दुकानातून ७८ हजारांचा पीसी असेंबल करून घेतला, व्हॉट्सॲपवरच्या कोटेशनमध्ये आणि पक्क्या बिलावर दोन्हीकडे प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स लिहिलाय, घरी टास्क मॅनेजर उघडला तर नुसतं ५७००. दुकानदार म्हणतो दोन्ही एकच हो, कोअर आणि गिगाहर्ट्झचे आकडे सांगतो, आणि बिलावर छापलेलं दाखवतो, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. यांनी मग मित्राच्या ५७००एक्सवाल्या पीसीशी तुलना करून पाच-सहा बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या टेस्टचे, स्क्रीनशॉट पाठवलेत, विचारलंय की मॅडम, एवढ्यावर केस होईल का?

केस नक्की होईल, पण या स्क्रीनशॉटवर ती उभी करू नका.

कारण सांगते. दुकानदार जे आकडे देतोय ते खरे आहेत. दोन्हीला ८ कोअर, १६ थ्रेड, दोन्हीचा बूस्ट ४.६ गिगाहर्ट्झ, आणि बेस क्लॉक तर तुम्हाला मिळालेल्याचा जास्त, ३.७, एक्सवाल्याचा ३.४. तो सांगत नाहीये ते वेगळंच आहे. एक्समध्ये एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी असते, तुमच्यात १६, आणि एक्स पीसीआयई ४.० (एसएसडी, ग्राफिक्स कार्डशी डेटा नेणारा मार्ग) चालवतो, तुमचा ३.० वर थांबतो. आता सिनेबेंचसारख्या टेस्टला या कॅशेचं फारसं काही पडलेलं नसतं, तिथे दोन्हीचे स्कोअर जवळजवळ येतात, आणि दुकानदार नेमकी तीच टेस्ट ग्राहक आयोगापुढे ठेवणार. वर मित्राच्या पीसीत रॅम वेगळी, कूलर वेगळा, बायोस वेगळा, म्हणजे फरक प्रोसेसरमुळेच पडला हे तुम्ही सिद्ध कसं करणार? समोरचा वकील दोन मिनिटांत ते सगळे कागद बाजूला सारेल आणि तुमची चांगली केस उगाच लंगडी पडेल.

म्हणून किती स्लो आहे यात शिरूच नका. लिहिलं एक आणि दिलं दुसरं, एवढंच धरून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), माल अमुक दर्जाचा, अमुक मॉडेलचा आहे असं खोटं सांगणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. माल विक्री कायदा १९३० चं कलम १५ पण तेच म्हणतं, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनासारखाच पाहिजे. दोन टक्के स्लो का वीस टक्के, तिथे हा प्रश्नच येत नाही. आणि बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका, चुकीचा माल देऊन त्या ओळीआड लपता येत नाही.

टेस्ट उपयोगी पडते ती नुकसानभरपाईसाठी, तीही तुमच्याच मशीनवरची. बिलात जेन ४, म्हणजे पीसीआयई ४.० वाली, एसएसडी आणि ती चालवू शकणारा बी५५० मदरबोर्ड दिसतोय मला. त्या एसएसडीच्या खोक्यावर ७००० एमबी प्रति सेकंद छापलंय असं तुम्हीच लिहिलंय, पण या प्रोसेसरवर ती साधारण ३५०० च्या पुढे जाणारच नाही. जेन ४ साठी जादा पैसे मोजले आणि ते वाया गेले, हे आयोगाला लगेच कळतं, मित्राचा पीसी लागतच नाही.

पुरावा आजच करून ठेवा. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं नाव आणि कॅशे दिसते, त्याचा आणि कॅबिनेटच्या सिरियल नंबरचा एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतं. आणि कृपा करून कूलर खोलून प्रोसेसर बघायला जाऊ नका, एएम४ सॉकेटमधून, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या खाचेतून, तो कूलरला चिकटून उपटून येऊ शकतो, पिना वाकतात, आणि मग तुम्हीच बदलला म्हणायला दुकानदार मोकळा.

आता एक नाजूक मुद्दा. तुम्ही यावर कमावता, म्हणून समोरून पहिली हरकत हीच येणार की हा व्यावसायिक वापर, हे ग्राहकच नाहीत. कायद्यात सूट आहे, स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरली तर तुम्ही ग्राहकच, पण हे वाक्य तक्रारीत स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. बिल स्टुडिओच्या जीएसटी नंबरवर घेतलं असेल तर मला आधी कळवा, मग मांडणी जास्त जपून करावी लागेल.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. ती कायद्याने सक्तीची नाही, पण बरेचदा तिथेच मिटतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. नाहीच ऐकलं तर नाशिक जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. मागताना बदलून द्या किंवा व्याजासह पैसे परत, वर वाजवी भरपाई आणि खर्च. मानसिक त्रासाचे पाच-दहा लाख लिहू नका, खऱ्या तक्रारीचं वजन त्याने कमी होतं.

आणि नोटीस मिळाल्यावर दुकानदार बदलून देतो म्हणाला तर जरूर जा, पण दोन हजार वर द्या म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका, एक्सचेच पैसे तुम्ही भरलेत. त्याच्याच टेबलावर पीसी चालू करून घ्या, सीपीयू-झेडमध्ये एल३ कॅशे ३२ एमबी दिसली की मगच सही.