समुद्र नको, तिथी सांग

चि. ... स,
अनेक आशीर्वाद.

न्याहारी-निवासाच्या जाहिरातीचा तुझा मजकूर वाचला. निळाशार समुद्र, रुपेरी वाळू, माडांची बनं, घरगुती जेवण. यात खोटं काही नाही, पण पालघरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे हेच लिहितात. एकट्या महाराष्ट्राचा किनारा शेकडो किलोमीटरचा आहे. मग नागपूरच्या कुटुंबाने नेमकं मालवणजवळच्या तुझ्याच घरी का यावं, याचं उत्तर तुझ्या मजकुरात सापडत नाही.

म्हणून समुद्र थोडा मागे ठेव आणि तिथी सांग. कोणत्या आठवड्यात, कोणत्या गावात, किती वाजता काय बघायला मिळेल आणि काय मिळणार नाही, एवढं लिहिलंस तरी पुरे.

दशावताराचंच घे, म्हणजे आपल्याकडच्या जत्रांतल्या रात्रभराच्या लोकनाट्याचं. कार्तिकात जत्रा सुरू होतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा असते, आणि तिथून पुढे गावोगाव रात्री नाटकं उभी राहतात. आधी गणपती, सरस्वती, संकासुर हा आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, मग आख्यान, आणि शेवट पहाटे. संवाद लिहिलेले नसतात, कलाकार ते जागच्या जागी रचतात. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. पाहुण्याला हे कुणी सांगत नाही. तो दहा वाजता जाऊन बसतो, नाटक मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहतं आणि ऐन रंगात येतं तेव्हा हा डुलक्या काढत गाडीकडे निघालेला असतो. त्यामुळे दुपारी त्यांना झोपायला लाव. कोणतं आख्यान आहे हे देवळात विचारून ठेव आणि रात्री जेवताना कथा सांगून टाक. बरोबर चटई, शाल आणि चहाचा थर्मास दे, कारण पहाटे दव पडतं. फ्लॅश मारायचा नाही, हे निघण्याआधीच बजाव.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचं मात्र वेगळं आहे. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. पुढच्या वर्षीची तारीख कुणी विचारली तर अंदाजाने सांगू नकोस, ठरल्यावर कळवतो म्हणून सांग. त्या दिवशी मसुरे परिसरातले रस्ते गच्च भरलेले असतात, तेव्हा किनारा फिरण्याचा बेत त्याच दिवशी ठेवू नकोस. आचऱ्याच्या गावपळणीला तर पाहुण्यांना बोलवायचंच नाही. गाव वेशीबाहेर राहायला जातो तो त्यांच्या श्रद्धेपोटी. तिथे कॅमेरे घेऊन हिंडणारे लोक कुणालाच नको असतात.

आता भरती-ओहोटी. देवबागच्या संगमावरचं वाळूचं बेट ओहोटीलाच नीट उघडं पडतं, म्हणून होडीवाल्याशी वेळ ठरवण्याआधी तिथी बघ. जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, म्हणून पाण्यात उतरण्याची वेळ ठरवताना छापील तक्ता किंवा मोबाईलवरची वेळही ताडून बघ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी वर-खाली जास्त होतं आणि खाडीच्या मुखाशी ओढही जोरात असते.

ही ओढ पाहुण्याला ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतो, म्हणून तो नेमका तिथेच उतरतो. वास्तविक किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जात असतं. अडकलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहत सुटायचं नाही, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहून आधी पट्ट्याबाहेर पडायचं. हे खोलीतल्या दारामागे मराठीत आणि हिंदीत लावून ठेव. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, ही अट बुकिंग घेतानाच सांगितलेली बरी. किनाऱ्यावर सांगायला गेलं की वाद होतो.

पावसाळ्यात मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. 1664 ते 1667 दरम्यान बांधलेला सिंधुदुर्ग तेव्हा किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. जूनच्या जाहिरातीत किल्ल्याचा फोटो टाकलास तर पाहुणा दारात येऊन भांडेल, आणि त्याचं बरोबरच असेल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताजी सुरमई मिळणार नाही. बर्फातली आणून ताजी म्हणून वाढू नकोस. जिभेला कळतं. त्याऐवजी सुक्या बांगड्याची चटणी, सोड्यांची आमटी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी कर, आणि मिळाली तर रानातली अळंबी. सोमवारी घरात मासे शिजत नसतील तर तेही आधीच कळव. रविवारी रात्री आलेला माणूस सोमवारच्या पापलेटची वाट बघत बसतो. ओल्या काजूची उसळ फेब्रुवारी-मार्चची, हापूस एप्रिल-मेचा. डिसेंबरात हापूस दाखवणाऱ्या जाहिराती बघितल्या की हसू येतं.

कोकण म्हणजे एकाच तऱ्हेची माणसं नव्हेत, हेही मजकुरात यायला हवं. मुंबईहून किनाऱ्याच्या रस्त्याने येणाऱ्याला रेवदंड्याला थांबायला सांग. तिथे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचं प्रार्थनास्थळ आहे, आणि खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली बोली अजून घराघरांत बोलतात. तुझ्या जवळपास बघायचं तर वेंगुर्ल्याला डचांची पडकी वखार आहे, सावंतवाडीला गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते आणि चितारआळीतली लाकडी खेळणी आहेत. पिंगुळी कुडाळ स्टेशनापासून जवळ, म्हणून ती येण्या-जाण्याच्या दिवसात बसव. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून वेळ घे आणि खेळाचे पैसे ठरतील तेवढे पूर्ण दे, तिथे घासाघीस नको.

कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या उघड्या खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, बघायची असतील तर उजाडताना किंवा उन्हं कलल्यावर. तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात, दुपारी नुसता काळा कातळ दिसतो आणि सड्यावर सावलीही नसते. माणशी दोन लिटर पाणी हवंच. चपला घालून शिल्पावर चालायचं नाही. 2022 पासून यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, तेवढं सांगितलं की लोक आपोआप जपून वागतात.

गोष्टी सांगताना पारखून सांग. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी हेलियम वायू शोधला, असं किल्ल्यावर सर्रास ऐकू येतं. 1868 च्या ज्या सूर्यग्रहणाशी हा शोध जोडतात, त्या वेळी लॉकयर इंग्लंडात होते, आणि ग्रहण बघायला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला. विजयदुर्गाला असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा स्टेशनवर गाडी पाठवण्यापूर्वी वेळ पुन्हा विचार. पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्यांना कोणता घाट सुरू आहे ते आदल्या दिवशी कळव. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, त्यासाठीचं खातं आधीच उघडून ठेव. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असेल, तेव्हा ते दहा-बारा दिवस बुकिंग बंद ठेव. वीज जाते हे लिही, इन्व्हर्टरवर पंखा चालतो हेही लिही. संडास घरात आहे की मागल्या दारी, गरम पाणी नळाला येतं की चुलीवरच्या हंड्यातून, हे फोटोत दिसू दे. तू पाठवलेल्या नऊ फोटोंत होड्या आठ आहेत आणि न्हाणीघर एकही नाही. बाईमाणसं बुकिंगचा फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच असतो.

मजकूर नव्याने लिहून धाड.