केकवरचं क्रीमचं आयसिंग ओघळतंय?
अगं, केक बिघडला नाही. एप्रिलच्या पुण्यात भर दुपारी क्रीम फेटायला घेतलंस, तिथेच चुकलं. सकाळी लवकर कर. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेव. केक पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावायचं नाही. आधी अगदी पातळ थर दे, म्हणजे चुरा त्यात अडकतो. २०-३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग जाड थर. सामान बोहरी आळीच्या बाजारात मिळेल, पण २४ नोझलचा (क्रीमची नक्षी काढायच्या टोकांचा) संच घेऊ नकोस. माझी वीसेक अजून डब्यातच पडून आहेत. फिरतं स्टँड, पॅलेट नाइफ (क्रीम सारखं करायची बोथट सुरी) आणि एक मोठं स्टार नोझल पुरे. क्रीमची फुलं आधी ताटलीवर काढून बघ, तेच क्रीम खरवडून परत नोझलच्या पिशवीत भरता येतं.