‘आई, तू काढ’

सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली, ती सोबत एक फाईल घेऊनच. फाईलमध्ये छापील चित्रं होती. सफरचंद, मासा, छत्री. प्रत्येकावर एखादी रेघ, पुढे काही नाही. “मॅडम, शेजारचा मुलगा हिच्याएवढाच आहे, तो सफरचंद रंगवतो. ही आधी नुसती गिरगटायची. आता तर खडू हातातच धरत नाही. माझ्या हातात देते आणि म्हणते, आई, तू काढ. हिच्यात काही कमी आहे का?”

सांगलीत माझ्याकडे ही काळजी वरचेवर येते, पण बहुतेकदा तिचा पहिला अर्धाच भाग: नुसते गिरगोटे मारते, चित्र काही काढत नाही. मला इथे ‘तू काढ’ जास्त महत्त्वाचं वाटलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला छकुली म्हणू.)

घरात काय काय झालं ते विचारत गेले. आजोबांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. दीड वर्षाची असताना छकुलीनं त्यांच्या वहीत बॉलपेन फिरवलं, तेव्हा सगळे हसले, फोटो काढले. दिवाळीला रंगवलेल्या हॉलच्या भिंतीवर तेच केलं, तेव्हा ओरडा बसला. मग आईनं रंगवायची पुस्तकं आणली. शेजारी बसून, छकुलीचा हात आपल्या हातात धरून ती गोल गिरवून घ्यायची. “बाहेर गेलं बघ,” असं प्रेमानंच सांगायची. व्हिडिओ कॉलवर आत्या विचारायची, “काय काढलंस गं?”

यात कुणी वाईट वागलेलं नाही. पण छकुलीनं त्यातून एक गोष्ट पक्की ओळखली: कागदावर काहीतरी बरोबर यावं लागतं आणि ते आईलाच येतं. मग खडू आईकडे देणं हा शहाणपणाचाच निर्णय होता.

बाबा कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर असतात. त्यांना मनगटाची गोष्ट लगेच पटली. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सहसा सगळी कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असतात आणि दोन वर्षांच्या सुमारास त्यातली दोन-तीनच टणक व्हायला लागलेली असतात. बोटांचे बारीक स्नायू आणि त्यांच्यावरचा ताबाही अजून तयार होत असतो. म्हणून या वयाचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात हलवतं. दोनच्या आसपास समोर कुणी काढलेली उभी रेघ बघून तशी ओढायचा प्रयत्न होतो. टोकं जुळलेला गोल साधारण तीनला जमतो. रेषेच्या आत नेटका रंग भरायला तर चार-पाच वर्षं उजाडतात. शेजारच्या मुलाचं सफरचंद कुणाच्या हातानं रंगलं, ते मी विचारलं नाही. आईनंच जरा वेळानं विचार करून मान हलवली.

“मग या गिरगोट्यांना काही अर्थच नाही का?” आजींनी विचारलं. आहे की. अमेरिकेत रोडा केलॉग या बाईंनी लहान मुलांची चित्रं ढिगांनी गोळा केली आणि गिरगोट्यांचे २० मूळ प्रकार वेगळे काढले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंडाळी असे. पुढची चित्रं यातूनच जुळून येतात. आजींनी फाईल पुन्हा उघडली आणि माशाच्या पोटावर छकुलीनं मारलेली नागमोडी रेघ बोटानं दाखवली.

फाईल कपाटात ठेवायला सांगितली. नवा खडूही लगेच नको म्हटलं. आजी रोज तुळशीपुढे रांगोळी काढतात, तेव्हा छकुलीला शेजारी पाण्याची वाटी आणि जाडसा ब्रश द्यायचा. शहाबादी फरशीवर पाण्यानं ओढलेली रेघ उन्हात बघता बघता वाळते, त्यामुळे चुकलं-बरोबर ठरवायला काही उरतच नाही. ते अंगवळणी पडलं की जुन्या कॅलेंडरचे कागद पाठीकडून जमिनीवर चिकटपट्टीनं बसवायचे आणि जाड मेणखडू द्यायचे, दोन-तीनच. हात धरायचा नाही. मोठ्यांनी शेजारी स्वतःच्या कागदावर रेघा ओढायच्या. चित्र काढून दाखवायचं नाही, नाहीतर पुन्हा ‘तू काढ’ सुरू. आणि ‘काय काढलंस’ऐवजी दिसतंय ते बोलायचं: “केवढी लांब गेली ही!” आईला यातलं गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. तिनं ते कबूलही केलं.

भिंतीचं मात्र मी आईच्या बाजूनं बोलले. कुठे ओढायचं, कुठे नाही, ही हद्द घरानं आखावी. दोन वर्षांच्या मुलाला ती समजते, फक्त शंभरदा सांगावी लागते. ओरडण्याऐवजी हात धरून कागदापाशी न्यावं.

पाटीवरची पेन्सिल छकुली चघळते, हे जाता जाता कळलं. या वयात वस्तू तोंडात जातातच आणि लहान तुकडे घशात अडकू शकतात, म्हणून कुणीतरी जवळ हवंच. पण पेन्सिल, माती, भिंतीचा चुना मूल शोधून शोधून खात असेल, तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या म्हटलं. ते कमी निघालं आणि डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

चित्रांवरून मुलाच्या बुद्धीचं निदान मी करत नाही. हाक मारल्यावर बघत नाही, हवी ती वस्तू बोट करून दाखवत नाही, येणारे शब्द गेले, किंवा दीड वर्षाच्या आतच एक हात सतत न वापरता बाजूला राहतो, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. छकुलीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

ती पुन्हा गिरगटायला लागली ती फरशीवर, आजींच्या रांगोळीच्या कडेनं. काही आठवड्यांनी कागदावरही आली. एकाच गुंडाळीला ती आधी ‘भूभू’ म्हणते, मग ‘बस’. आईनं फोनवर विचारलं, खोटं बोलते का? नाही, आधी रेघ होते आणि मग तिला नाव सुचतं. पहिलीला वयाची ६ वर्षं हवीत असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच म्हणतं, तेव्हा ‘अ’ गिरवायची घाई कुणासाठी?

शेवटी आजींची एक शंका उरली होती. ब्रश कधी डाव्या हातात असतो, कधी उजव्या. डावखुरी होणार की काय? तीन-चार वर्षांपर्यंत हात असा बदलता राहू शकतो आणि डावा ठरला तरी तो बदलायला लावू नका, असं मी सांगितलं. आजींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “नैवेद्याचं ताट तेवढं उजव्या हातानं धरायला शिकवीन. खडूचं तिचं ती बघंल.”